भिसे खिंडीतला काळा धूर

जुन्या डिझेल गाडीच्या पंपावर एक स्क्रू असतो. पॅडल पूर्ण दाबल्यावर इंजिनात जास्तीत जास्त किती तेल जायचे, ते हा स्क्रू ठरवतो. कारखान्यातून पंप बाहेर पडण्याआधी तो टेस्ट बेंचवर चढवतात, प्रत्येक सिलिंडरला जाणारे तेल मापून सारखे करतात आणि मग स्क्रूवर सील मारतात. सील तोडायला एक पक्कड पुरते. ते तोडून स्क्रू थोडासा फिरवला की तीच गाडी चढावर वेगळी वाटू लागते. गिअर पाडावा लागत नाही, भरलेला माल जाणवत नाही, पाय ठेवताच ओढ लागते. आणि मागे सायलेन्सरमधून काळा लोट निघतो. मिस्त्री लोक याला ‘पंप वाढवणे’ म्हणतात.

यामागचे शास्त्र सरळ आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनात तेल आणि हवा आधीपासून मिसळलेली नसतात. दाबाने तापलेल्या हवेत नोझलमधून तेल फवारले जाते, आणि मिसळणे व जळणे क्षणार्धात एकदमच उरकते. म्हणून हवा हिशेबापेक्षा बरीच जास्त असावी लागते. पंप वाढवला की तेल वाढते, हवा मात्र तेवढीच राहते. वाढीव तेलातले काही जळते आणि ताकद मिळते. बाकीच्याला प्राणवायू मिळत नाही, आणि त्यातला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. तो मालकाने पैसे मोजून भरलेल्या तेलाचाच भाग असतो.

अमेरिकेत याच धुराची हौस झाली. ट्रॅक्टर आणि ट्रकांनी वजन ओढण्याच्या स्पर्धांमध्ये जास्त तेल म्हणजे जास्त ताकद हा हिशेब होता. तिथून तो रस्त्यावरच्या पिकअपमध्ये आला आणि काही जणांना ताकदीपेक्षा धूरच आवडू लागला. ‘रोलिंग कोल’ या नावाने २०१४ च्या सुमारास हा प्रकार सगळीकडे गाजला. सायकलवाल्यांच्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींच्या अंगावर मुद्दाम धूर सोडण्यापर्यंत मजल गेली. न्यू जर्सी राज्याने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली, कोलोरॅडोने २०१७ मध्ये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालातला अंदाज असा, की आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकण्यात आली होती.

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्याच्या रस्त्यावरचा काळा धूर त्याच स्क्रूतून निघाला, पण तो कुणाला हवा म्हणून नाही. तो निघाला मालापोटी, खेपांपोटी आणि चढापोटी. पेणहून रोह्याला जायचे तर वडखळ, मग नागोठणे, आणि नागोठण्याहून भिसे खिंड चढून पलीकडे उतरायचे. मुंबई-गोवा महामार्गाने कोलाडकडे जाणाऱ्याला सुकेळी खिंड, मुंबईकडे जाणाऱ्याला कर्नाळ्याची खिंड. घाट म्हणावेत एवढे हे चढ मोठे नाहीत. पण दीड टनाच्या गाडीत तीन टन भरले असतील तर ते पुरेसे मोठे होतात.

धुराची ही गोष्ट डिझेलच्याही आधीची आहे. मोटारी येण्यापूर्वी पेणचा भात आणि मीठ अंतोरा बंदरातून, तर रोह्याचा माल कुंडलिकेच्या पात्रातून गलबतांनी मुंबईला जाई. पुढे मुंबईहून धरमतरपर्यंत आगबोट आणि धरमतरहून पुढे मोटार, असा दक्षिणेकडचा प्रवास ठरून गेला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि १९४१ नंतर देशभर मोटारींच्या पाठीवर कोळशाची उभी टाकी दिसू लागली. त्या टाकीत लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा, त्याला हवा मुद्दाम कमी द्यायची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा जळाऊ वायू तयार होतो. तो गाळून, थंड करून इंजिनात घ्यायचा. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी क्लीनरने पंखा फिरवून निखारे फुलवायचे. पेट्रोलवर मिळणाऱ्या ताकदीतली बरीचशी यात हरवायची, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून चालायचे. कोकणातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ही कोळशाची मोटार कालपरवापर्यंत येत असे.

आणि कोळसा? तो जंगलातलाच. कोलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, कोळसा पाडणे हे कातकऱ्यांच्या वाट्याला आलेले काम. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात. जंगल सरकारी झाले, कात गेला आणि ठेकेदाराच्या भट्ट्या आल्या. पावसाळ्यात खाण्यापुरती उचल घ्यायची आणि ती फेडायला कोरड्या दिवसांत बायकामुलांसह भट्टीवर राहायला जायचे. लाकडे रचायची, पाला आणि माती लिंपायची, आत आग सोडायची, आणि ती भडकू नये म्हणून रात्रंदिवस पहारा द्यायचा. धूर पांढऱ्याचा निळसर झाला की भट्टी पिकली. रायगडात धुराने पोट भरण्याचा पहिला मोठा धंदा हाच, आणि त्यात ज्यांच्या छातीत धूर गेला त्यांच्या हाती सगळ्यांत कमी पैसा आला. पुढच्या काळातल्या गाड्या, पंप आणि कायदे पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी लागते.

डिझेल सुरुवातीला गाड्यांपेक्षा गिरण्यांचे आणि विहिरींचे होते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिन बनवले. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. ‘क्रूड ऑइलचे इंजिन’ म्हणून कोकणातल्या भातगिरण्यांना ते ओळखीचे झाले, आणि इंजिन उघडून बसवू शकणारे हात गावोगाव तयार झाले. ट्रकांत डिझेल मागाहून आले. मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स डॉज आणि फार्गो ट्रक बांधत होती आणि त्यांत पर्किन्सची डिझेल इंजिने बसू लागली. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर उतरला. बॉशच्या परवान्याने पंप आणि नोझल भारतात बनवणारी मायको ही कंपनी १९५१ मध्ये बंगळुरूत निघाली. पुढे तिचा नाशिकलाही कारखाना झाला. इंजिन कोणत्याही कंपनीचे असो, पंप मात्र बहुतेक वेळा मायकोचा. त्यामुळे एक पंप उघडायला शिकलेला मिस्त्री सगळे पंप उघडू शकत असे.

तेलसंकटानंतर, १९७० च्या दशकात, पेट्रोल परवडेनासे झाले आणि इंजिने बदलण्याची लाट आली. पेट्रोलची जीप घ्यायची आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचे. महिंद्रने स्वतःच पुढे प्यूजोच्या परवान्याचे डिझेल इंजिन घेतले. पुण्याच्या बजाज टेम्पोने मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्याचे इंजिन टाकले. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ मध्ये आली, त्यानंतर २०७ पिकअप, मग महिंद्रचे पिकअप, आणि २००५ मध्ये टाटा एस. गिरीश वाघ यांच्या चमूने पुण्यात घडवलेली ही गाडी लोकांनी छोटा हत्ती म्हणून घरात घेतली. ट्रक शिरत नव्हता त्या पाखाडीपर्यंत आता माल जाऊ लागला. बैलगाडी आणि ट्रक यांच्या मधली जागा पिकअपने भरून काढली, आणि एकच गाडी असलेला मालक-चालक हा नवा माणूस जिल्ह्यात दिसू लागला.

या माणसाचा हिशेब समजून घेतल्याशिवाय काळा धूर समजत नाही. एका विटेचे वजन सुमारे तीन किलो. हजार विटा म्हणजे तीन टन. गाडीची परवानगी दीड टनाच्या आसपास. नियमाने भरले तर दोन खेपा, दुप्पट तेल, दुप्पट वेळ, भाडे मात्र हजार विटांचेच. बँकेचा हप्ता महिन्याला येणारच. एका खेपेत हजार विटा न्यायच्या तर चढावर गाडी श्वास टाकते. मग पंप वाढवायचा. पाटे जाड करून घ्यायचे, टायर वरच्या मापाचे टाकायचे, आणि गाडी होती त्याच्या दुप्पट कामाला जुंपायची. वाळू, खडी, चिरा, सगळ्यांचे गणित हेच.

पेणच्या गणपतीचे गणित थोडे निराळे. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या भागातल्या कारखान्यांतून मूर्ती मुंबई-पुण्याला आणि परदेशात जातात. मूर्तीला वजनापेक्षा जागा जास्त लागते, त्यामुळे इथे प्रश्न टनांचा नसतो, तर वेळेचा असतो. भर पावसात, आषाढ-श्रावणात, खड्ड्यांतून, मूर्तीच्या बोटालाही धक्का न लावता, चतुर्थीच्या आत पोचायचे. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा महामार्ग चौपदरी करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षामागून वर्षे रखडले. वडखळला आणि पुढे नागोठण्यापर्यंत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या रांगा हे या रस्त्याचे वर्षानुवर्षांचे चित्र. डिझेल इंजिन सर्वांत जास्त काजळी टाकते ते नेमके अशा वेळी, थांबून पुन्हा ओढ घेताना. रस्ता नीट झाला असता तर पंपाला हात न लावताही धूर कितीतरी कमी झाला असता. या धुराचा सगळा दोष ड्रायव्हरच्या पायावर टाकणे अन्यायाचे आहे.

पंप वाढवणाऱ्यांच्या गावातच पंप आवळणारेही होते. एसटीच्या रायगड विभागाचे मुख्यालय पेणजवळ रामवाडीला आहे, आणि विभागाची कार्यशाळाही तिथलीच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हापासून या संस्थेला तेलाचा थेंब न्‌ थेंब मोजावा लागला आहे. एसटीत तेलाचा हिशेब दहा लिटरला किती किलोमीटर असा ठेवतात, आणि त्याला केपीटीएल म्हणतात. कुठल्या आगाराचा केपीटीएल किती, कुठल्या चालकाचा किती, यावर शाबासकी आणि कानउघाडणी ठरते. साहजिकच एसटीचा पंप कमीत कमी तेल देईल असा लावलेला असतो. भिसे खिंडीत लाल गाडी हळूहळू, आवाज करत चढते आणि भरलेला पिकअप तिला काळ्या ढगात टाकून पुढे जातो, हे दृश्य एका पिढीने रोज पाहिले. ‘एसटीला पिकअप नाही’ अशी तक्रार उतारूंनी नेहमी केली. खरे तर त्या संथ गाडीच्या मागे काळा धूर नव्हता, ही तिची मोठी कामगिरी होती, आणि तिचे श्रेय रामवाडीतल्या पंप लावणाऱ्या कामगारांना कुणी दिले नाही.

पंप-नोझलच्या खासगी दुकानातला मिस्त्री हाही मोठा कसबी माणूस. बाकीच्या गॅरेजमध्ये तेल-ग्रीस सांडलेले असते, त्याची खोली मात्र स्वच्छ. नोझलची सुई तिच्या नळीत इतकी घट्ट बसते की मधल्या फटीत धुळीचा कणही चालत नाही. हाताने चालवायच्या टेस्टरवर तो नोझल लावतो, दांडा दाबतो, आणि फवारा पाहतो. चांगला फवारा धुक्यासारखा बारीक येतो आणि कट झाल्यावर टोकाला थेंब राहत नाही. थेंब राहिला तर नोझल गळते, आणि गळके नोझल म्हणजे पुन्हा काळा धूर. गाडी दारात आली की सायलेन्सरकडे बघूनच तो अर्धे निदान करतो. काळा धूर असेल तर तेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघ. निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा गेल्या. पांढरा असेल तर टायमिंग मागे पडले आहे किंवा पाणी आत येते आहे. ज्या माणसाला धूर कमी कसा करायचा हे सगळ्यांत चांगले कळत होते, त्याच्याकडेच लोक धूर वाढवायला येत होते. तो समजावायचा की तेल जास्त खाईल, पिस्टन तापेल, हेड जाईल. गिऱ्हाईक म्हणायचे, खेप निघाली पाहिजे.

रेल्वेनेही या भागाला धूर दाखवला. आपट्याहून पेणमार्गे रोह्यापर्यंतची लाइन १९८६ मध्ये सुरू झाली आणि कोकण रेल्वे पुढे सरकेपर्यंत रोहा हे शेवटचे स्टेशन होते. आजही मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. वर्षानुवर्षे या मार्गावर अल्को जातीची डिझेल इंजिने धावली. मूळ अमेरिकी घडणीची आणि वाराणसीत बांधलेली ही इंजिने गाडी उचलताना काळाकुट्ट लोट सोडत. त्याचे कारण टर्बोचार्जर. ड्रायव्हरने खटका पुढे केला की तेल ताबडतोब वाढते, पण हवा ढकलणारा टर्बो गती घ्यायला काही क्षण लावतो. तेवढा वेळ तेल जास्त आणि हवा कमी, म्हणजे पंप वाढवलेल्या पिकअपसारखीच गत, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणात. २६ जानेवारी १९९९ पासून रोहा तालुक्यातल्या कोलाडहून गोव्याच्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच मालगाडीवर चढवून नेण्याची सोय कोकण रेल्वेने केली. घाटात जळणारे ट्रकांचे तेल वाचले, आणि त्यांच्या जागी एक इंजिन धूर सोडत गेले. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण होऊन जून २०२२ मध्ये लोकार्पण झाले.

दरम्यान सहाआसनी विक्रम आणि मिनिडोर आल्या. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा, अलिबाग या सगळ्या नाक्यांवर त्यांच्या रांगा लागत. एसटी दिवसातून दोनदा जाई त्या गावांना त्यांनी बाजाराशी आणि दवाखान्याशी जोडले, हे विसरता येणार नाही. छोटे डिझेल इंजिन, सहाच्या जागी दहा माणसे, आणि मागच्या बाकावरच्या उतारूच्या पायाशीच धूर. १२ जून २०१२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो असे निश्चित ठरवून त्याला पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. नाक्यावर दिवसभर उभ्या असणाऱ्या भाजीवाल्या, मासळीवाल्या, ट्रॅफिक हवालदार आणि खुद्द ड्रायव्हर, यांच्यासाठी ही बातमी होती. ती त्यांच्यापर्यंत फारशी पोचली नाही.

नियम त्याआधीपासून होते. मुंबईत गिरण्यांच्या धुराविरुद्धचा कायदा १९१२ चा. गाड्यांसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५ वा नियम जुन्या डिझेल गाड्यांच्या धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक ठरवतो. मापायची पद्धत अशी की गाडी उभी असताना पॅडल एकदम पूर्ण दाबायचे आणि धुरातून किती प्रकाश अडतो ते यंत्राने टिपायचे. वाढवलेला पंप या परीक्षेत सापडलाच पाहिजे. म्हणून परीक्षेआधी पंप खाली करायचा आणि परत आल्यावर वर, ही युक्ती जन्माला आली. या भागाचे परिवहन कार्यालय पेणमध्येच. एमएच-०६ ही पाटी तिथलीच. म्हणजे धूर पकडणारे कार्यालय, तेल वाचवणारी एसटीची कार्यशाळा आणि पंप वाढवणारी गॅरेजे एकाच गावच्या परिसरात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रदूषणाच्या गुन्ह्याचा दंड दहा हजारांपर्यंत नेला.

एका धुराला मात्र सरकारी मान्यता आहे. डासांसाठी नगरपालिका जी धुरळणी करतात, तिच्या यंत्रात एक भाग मॅलेथिऑनला एकोणीस भाग डिझेल असते. संध्याकाळी गल्लीत तो पांढरा लोट आला की पोरे त्यात पळत सुटतात. त्यांना तिथून हटवायला हवे, आणि तेवढे काम प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे.

अखेर स्क्रूचा अंमल संपवला तो इलेक्ट्रॉनिक्सने. मुंबईत भारत स्टेज चार या धुराच्या मानकाच्या गाड्या २०१० पासून सक्तीच्या झाल्या, पण देशभर तो नियम १ एप्रिल २०१७ ला आला. मधली सात वर्षे शहराबाहेर जुन्या मानकाच्या, यांत्रिक पंपाच्या गाड्या नव्या कोऱ्या विकत मिळत होत्या. त्या अजूनही रस्त्यावर आहेत. नव्या, ‘कॉमन रेल’ म्हणतात त्या इंजिनात किती तेल फवारायचे ते संगणक ठरवतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहामध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली आणि डिझेलमधले गंधक दशलक्षात दहा भागांवर आणले गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेच एक टक्क्याच्या घरात होते. या गाळणीलाही वाट काढणारे निघालेच. लॅपटॉप लावून संगणकाचा नकाशा बदलणे आणि गाळणी काढून तिथे साधी नळी जोडणे हे नव्या जमान्याचे पंप वाढवणे आहे, फक्त ते शहरातल्या दुकानांत होते आणि त्याला पैसे जास्त पडतात.

पंप-नोझलच्या जुन्या मिस्त्रीकडे आता वेगळे गिऱ्हाईक येते. मच्छीमार नौकांची इंजिने, शेतावरचे आणि वीटभट्टीवरचे पाण्याचे पंप, जनरेटर, आणि पंधरा वर्षांच्या आसपास पोचलेले पिकअप. नौकेला आणि पाण्याच्या पंपाला धूरतपासणीचा पीयूसी दाखला लागत नाही. पिकअपला दर वेळी फिटनेससाठी पेणला जावे लागते, आणि तिथे नापास झालेली गाडी दुरुस्त करून पुन्हा न्यायची की भंगारात घालायची, हा निर्णय हप्ते फिटलेल्या पण दुसरी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या मालकाला घ्यायचा असतो. अशा मालकाला नव्या गाडीसाठी स्वस्त कर्ज आणि जुनीची नीट किंमत मिळाली, तर तो पंप खाली-वर करायला कुणाकडे जाणार नाही.